घासलंय ते फक्त पहिलं मिनिट

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकांचं पत्र होतं, की कॅफेत, कॉलेजच्या गॅदरिंगला, लग्नाच्या संगीतला, जिथे जाल तिथे गिटारवाली पोरं तीच चार-पाच इंग्रजी गाणी वाजवतात, हॉटेल कॅलिफोर्निया, स्टेअरवे टू हेवन, स्मोक ऑन द वॉटर, आणि आता या गाण्यांवर दहा वर्षं बंदी घाला म्हणजे कानांना जरा आराम मिळेल. वाचून मी हसलो आणि म्हटलं, बरोबर बोलतायत. दोन दिवसांनी वाटलं, नाही, बरोबर नाहीये. म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर कापा, पण मधलं कापा, शेवट ठेवा.

आधी माझं सांगतो. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्करातले (लष्कर म्हणजे शहराचा भाग, फौज नाही, पुण्याच्या नातेवाइकांना दर वेळी सांगावं लागतं), चार पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे मराठीत मधेमधे हिंदी घुसली तर सांभाळून घ्या. तुमचा पेपर फोनवर वाचतो. बाड्यापासून (म्हणजे इथल्या मुख्य चौकापासून) पायी दहा मिनिटांवर माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, खाली दुकान, वर घर. फाटलेला कोन (म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा) बदलायचा, जळलेली कॉइल (म्हणजे त्यामागची तारेची गुंडाळी) बदलायची, अँप्लिफायर बोलत नसेल तर त्याला बोलतं करायचं, हाच धंदा. लग्नाचे बँडवाले, डीजेवाले, देवळांचे भोंगे आणि कोणाकोणाच्या वडिलांचे जुने डेक, सगळं येतं.

स्पीकर दुरुस्त झाला की गिऱ्हाइकाला वाजवून दाखवावा लागतो. आणि आमच्या धंद्यात वाजवून दाखवायचं गाणं जणू ठरलेलंच आहे, हॉटेल कॅलिफोर्निया, पण मूळचं 1976 चं नाही, 1994 चं लाइव्ह. ईगल्स हा बँड 1980 मध्ये फुटला, परत एकत्र कधी वाजवणार असं विचारलं की त्यांचा गायक डॉन हेन्ली म्हणायचा, नरकात बर्फ पडेल तेव्हा. चौदा वर्षांनी खरंच एकत्र आले तर अल्बमचं नावच ठेवलं हेल फ्रीझेस ओव्हर. मी ते पहिल्यांदा ऐकलं दिल्लीत, लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटमध्ये, कोन आणि कॉइलचा माल भरायला गेलो होतो तेव्हा. दुकानदाराने सीडी लावली. आधी नायलॉनच्या तारांची गिटार, मग बारीक खुळखुळ, आणि मग खालून तो ढम्म, जो कानात नाही, बरगड्यांत वाजतो. गिटारवरून ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कळतो, ढम्मवरून वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा, कळतो, मिनिटाभरात सगळी तपासणी. मी तीच सीडी शोधून घेतली आणि रात्रीच्या गाडीने परत आलो.

तेव्हापासून रोज तेच. लावायचं, ढम्म झाला की गिऱ्हाईक मान हलवतं, पाकीट काढतं, मी बंद करतो. परवा हिशोब केला. दिवसाला 5 वेळा धरा, वर्षाचे 300 दिवस, 25 वर्षं, म्हणजे 37,500 वेळा. त्या तुमच्या वाचकांनी माझ्याशी कंटाळ्याची बरोबरी करू नये. बायको तर म्हणते झोपेतसुद्धा तुमची बोटं त्या ढम्मच्या आधी एकदा हलतात.

आता झालं असं. या लग्नसराईत एका डीजेवाल्याचा 15 इंची वूफर आला, कॉइल जळलेली. नवी कॉइल बसवताना ती मॅग्नेटच्या मधोमध राहावी लागते, केसभर जरी सरकली तरी घासते आणि स्पीकर खरखरतो, म्हणून आम्ही चारी बाजूंनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचतो आणि मग सोल्यूशन लावतो. (लोकांच्या एक्स-रेचा असाही उपयोग होतो, माझ्याकडे अर्ध्या मोहल्ल्याची हाडं आहेत.) तर शेजारी दुसरा एक तयार झालेला स्पीकर तपासायला मी गाणं लावलेलं, आणि इकडे लक्षात आलं की वूफरचा कोन एका बाजूने उचलला जातोय आणि सोल्यूशन तर धरायला लागलंय. दोन्ही हातांनी कोन दाबून धरला. आता हात सोडता येत नाही. पोरगा चहा आणायला गेलेला, आणि आमचा पोरगा चहा आणायला गेला म्हणजे गेला. गाणं चालूच.

ढम्म झाला. पुढे गेला. आणि साहेब, तुम्हाला खोटं वाटेल पण तिथून पुढे मला काय येणार ते माहीत नव्हतं. म्हणजे कॉलेजात असताना मूळचं गाणं कॅसेटवर ऐकलेलं होतं, पण या रेकॉर्डिंगच्या दारातून मी 37,500 वेळा परत फिरलेलो. ती स्पॅनिश वळणाची गिटार फिरत फिरत येते आणि एकदम त्या ओळखीच्या कॉर्डवर (म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांवर) उतरते, तेव्हा कुठे समोरच्या लोकांना कळतं हे कोणतं गाणं आहे, आणि ते जे ओरडतात ना! तोपर्यंत बसलेले सगळे माझ्यासारखेच, काय आहे काय आहे म्हणत. मग गाणं होतं, आणि लोकांना वाटतं संपलं, तर तिथून दोन गिटार सुरू होतात. एक बोलतो, दुसरा ऐकून घेतो, मग दुसरा बोलतो, पहिल्याचं वाक्य जिथे सुटलं तिथूनच उचलतो, असं करत करत दोघं एकाच वाक्यावर येतात आणि एकत्रच खाली उतरतात. माझे दोन्ही हात त्या कोनावर, मानेवर घाम, आणि मी असा उभा जसा कोणीतरी मूर्ती धरून उभा असावा.

वरून आईचा आवाज आला, "अरे, आज तुझं गाणं संपलं कसं?"

आई 84 वर्षांची आहे, गाणं शिकलेली आहे, लग्नाआधी शिकली आणि लग्नानंतर घरातल्या घरात गात राहिली. तिला 25 वर्षं असं वाटत होतं की ते गाणं तेवढंच आहे, ढम्मपर्यंत. चहा घेऊन वर गेलो तर म्हणाली, परत लाव. लावलं फोनवर, तर म्हणाली यावर नाही, खाली लाव, मोठ्यावर लाव. जिन्यात खुर्ची टाकून बसली आणि मांडीवर बोटं मोजत राहिली. मग म्हणाली, "आठ घरं आहेत रे याला. आठवं झालं की पहिल्यावर येतोच, समेवर यावं तसं." मी मोजलं तर खरंच आठ कॉर्ड, बी मायनरपासून निघून एफ शार्पपर्यंत, आणि तो शेवटचा एफ शार्प तुम्हाला बसू देत नाही, परत बी मायनरला ओढून आणतो. दोन गिटारची ती सगळी मारामारी याच आठ घरांवर चाललेली. मी इतकी वर्षं लावत होतो आणि हे मला आईने सांगावं, जिला ईगल्स म्हणजे गरुड एवढंच माहीत!

मग मला चटकच लागली. रात्री मूळचं 1976 चं काढलं, त्याबद्दल वाचलं. ती चाल त्यांचा गिटारवाला डॉन फेल्डर याची, मालिबूला समुद्राकाठी भाड्याच्या घरात बसून बारा तारांच्या गिटारवर केलेली, चार ट्रॅकच्या टेपवर स्वतःच सगळं वाजवून डेमो केलेला. पुढे मायामीच्या स्टुडिओत फेल्डर आणि दुसरा गिटारवाला जो वॉल्श शेवटचा सोलो, म्हणजे तीच दोन गिटारची मारामारी, मनाला येईल तसा वाजवायला लागले तर हेन्लीने थांबवलं, म्हणाला डेमोत आहे तसंच हवं, सूर न् सूर. आणि डेमोची कॅसेट तर घरी! फेल्डर स्वतः सांगतो की त्याने घरी फोन केला, कामाला असलेल्या बाईंना कॅसेट शोधायला लावली, आणि त्यांनी ती फोनजवळ धरून वाजवली, आणि ह्याने ती तिकडे ऐकून आपलंच वाजवणं परत शिकून घेतलं. हे आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. "मग? बंदिश अशीच उतरवून घेतात," म्हणाली.

अजून एक. साडेसहा मिनिटांचं गाणं रेडिओला चालणार नाही, छोटं करा, असं कंपनीचं म्हणणं होतं. हेन्लीने ऐकलं नाही. 1977 च्या मेमध्ये ते तसंच्या तसं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. म्हणजे ज्या कापाकापीला त्याने नाही म्हटलं ती मी माझ्या दुकानात रोज पाच वेळा करत होतो.

आणि मीच नाही करत. माझा भाचा सिटी सेंटरच्या एका कॅफेत शनिवार-रविवार वाजवतो, त्याला विचारलं तू हॉटेल कॅलिफोर्निया किती वाजवतोस. म्हणाला मामा, दोन कडवी आणि कोरस, मग मॅनेजर हात करतो, पुढचं लाव म्हणून, आणि तसंही एकट्याने तो सोलो होत नाही, दोन गिटार लागतात. मग स्टेअरवे? म्हणाला सुरुवातीची ती बोटांनी वाजवायची ओळ, तेवढ्यावर टाळ्या पडतात, बस. स्मोक ऑन द वॉटर? रिफ, म्हणजे सुरुवातीचा तो परत परत येणारा गिटारचा तुकडा, तेवढाच.

बघा म्हणजे. ज्या गाण्यांना लोक कंटाळले ती गाणी कोणी वाजवलेलीच नाहीत. घासून घासून गुळगुळीत झालंय ते पहिलं मिनिट. बाकीचं गाणं डब्यात तसंच कोरं पडलंय. आपल्या आरत्यांचं काय होतं तेच. विठ्ठलाच्या आरतीचं पहिलं कडवं सगळे छाती फुगवून म्हणतात, दुसऱ्याला आवाज खाली, तिसऱ्याला नुसते ओठ हलतात आणि एक आजी तेवढ्या एकट्या म्हणत असतात, मग जय देव आलं की परत सगळे जागे. आता कोणी म्हणालं की ही आरती फार झाली, तर मी विचारीन, कितवं कडवं फार झालं?

स्टेअरवे टू हेवनचं तर मला वाईटच वाटलं. लेड झेपेलिन बँडचं, 1971 चं, आठ मिनिटांचं. गिटारच्या दुकानात हे वाजवू नका अशी चेष्टा जगभर चालते. पण त्यात ड्रमवाला जॉन बॉनहॅम चार मिनिटांहून जास्त वेळ नुसता बसून आहे, एक टिपरी मारत नाही! अर्धं गाणं झाल्यावर येतो. सुरुवातीला जी बासरीसारखी वाद्यं आहेत, रेकॉर्डर म्हणतात त्यांना, ती त्यांच्या बेस वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सची. आणि लय वाढत जाते, हळूहळू, सांगून सवरून, विलंबितातून द्रुतात जावं तशी. ग्वाल्हेरच्या माणसाला हे कोणी समजवायला नको, पण मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण मी ते कधी मिनिटाच्या पुढे जाऊच दिलं नाही. शेवटी एवढा धुमाकूळ होऊन सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकटा आवाज राहतो. तुमच्या वाचकांना विचारा, शेवट आठवतो का.

स्मोक ऑन द वॉटरचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची रिफ मलाही आता सहन होत नाही, खोटं कशाला बोलू. पण ते गाणं म्हणजे अक्षरशः बातमी आहे. ते वाजवणारा बँड डीप पर्पल, ते स्वित्झर्लंडला माँत्रोला रेकॉर्डिंगसाठी गेलेले, 4 डिसेंबर 1971 ला तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी फ्लेअर गन उडवली, आग लागली, कॅसिनो जळाला आणि धूर जिनिव्हा तळ्यावर पसरला. कुठे, कसं, नंतर आम्ही कुठे जागा शोधली, सगळं ओळीने सांगितलंय. पोरं रिफ वाजवून थांबतात, बातमी राहूनच जाते. शिवाय त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर ती रिफ एका तारेवर नाही, दोन-दोन तारा बोटांनी एकदम खेचून वाजवतो, म्हणून ती तशी जाड येते. भाच्याला दाखवलं. त्याने तशी वाजवून बघितली आणि म्हणाला, "मामा, हे तर वेगळंच काहीतरी आहे."

क्वीन बँडच्या बोहेमियन ऱ्हॅप्सडीचं तर लोकांना मधलं मान झटकायचं आठवतं, पण 5 मिनिटं 55 सेकंदांच्या त्या सगळ्या गोंधळानंतर अगदी शेवटी हलक्या हाताने एक गाँग वाजतो, तो फोनवर ऐकूच येत नाही. (गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे माहीत असेलच, पण सांगायला बरं वाटतं.)

फोनचं निघालंच आहे तर धंद्यातलं एक बोलू द्या. निम्मा कंटाळा हा स्पीकरचा आहे. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, येऊ शकत नाहीत, तेवढी हवा हलवायला तेवढा मोठा पडदा लागतो. बेस गिटारवाल्याने जीव तोडून वाजवलेलं तुम्ही ऐकलेलंच नसतं. कॅफेत तो एक ब्लूटूथचा डबा ठेवलेला असतो, सगळं एकाच भोकातून, डावा-उजवा गेला, दोन माणसांची बोलाचाली ती एकाच माणसाची बडबड होऊन येते. मग तुम्ही म्हणणार, बोअर गाणं आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल दुकानदार सगळाच माल चांगला म्हणतो. मी त्या आठवड्यात सात-आठ गाणी शेवटपर्यंत ऐकली, सगळी नाही उठली. युरोप बँडचं द फायनल काउंटडाउन, 1986 चं, आमच्या शाळेच्या खेळाच्या दिवशी वाजायचं ते, पूर्ण ऐकलं, अगदी चांगल्या स्पीकरवर ऐकलं, तर मला त्यात सुरुवातीच्या कीबोर्डशिवाय नवीन काही सापडलं नाही. काही गाणी खरंच पहिल्या मिनिटात सगळे पत्ते टाकतात. त्यांच्यावर बंदी घाला, माझी हरकत नाही.

तुमच्या वाचकांनी असंही लिहिलं होतं की त्याऐवजी कोणी न ऐकलेले बँड वाजवावेत. वाजवा ना. पण आम्ही ज्या गावात राहतो तिथलं घराणंच प्रसिद्ध रागांचं आहे. अनवट रागांचा शौक दुसऱ्यांचा, आमच्याकडे यमन, भैरव, अल्हैया बिलावल, हमीर, जे सगळ्यांना माहीत तेच. डिसेंबरात तानसेन समारोहाला हजिऱ्याला जाऊन बसा, थंडीत शाली पांघरून लोक बसलेले असतात, यमन सुरू झाला तर कोणी उठून म्हणत नाही की हा फार झाला, बंद करा. उलट मागे कोणीतरी सरसावून बसतो. 2023 साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं तेव्हा शहरभर बोर्ड लागले, आणि मी त्याच शहरात बसून एका गाण्याचं पहिलं मिनिट विकत होतो.

लहानपणी आईला विचारलेलं आठवतं. ती सकाळी अल्हैया बिलावलची एकच बंदिश, वर्षानुवर्षं, स्वयंपाकाआधी. मी म्हटलं आई, कंटाळा नाही येत? ती म्हणाली, "आज कोमल निषाद कसा लागला ऐकलास?" मी नव्हता ऐकला. मी शाळेचे बूट शोधत होतो.

असो. तो डीजेवाला आपला वूफर न्यायला आला. मी गाणं लावलं. ढम्म झाला, त्याने पाकीट काढलं, म्हणाला बस भैया, मस्त. मी म्हटलं थांब. पाच मिनिटं थांबला बिचारा, बाहेर त्याचा लोडिंगवाला हॉर्न मारत होता. दोन गिटार सुरू झाल्या तेव्हा त्याने पाकीट परत खिशात ठेवलं आणि स्टुलावर बसला. संपल्यावर विचारतो, ये वही गाना है?

तर आता अडचण अशी झालीये की ते गाणं मला तपासायला लावता येत नाही. मधेच बंद करवत नाही, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सात मिनिटं बसवलं तर धंदा बसेल. गेले दोन आठवडे दुसरं गाणं शोधतोय. म्हणून तुमच्या वाचकांना, ज्यांनी बंदीचं पत्र लिहिलं त्यांना सुद्धा, एक विनंती छापा. पहिल्या मिनिटात खाली ढम्मही आहे आणि वर तारेची किणकिणही आहे, असं एखादं गाणं कोणाला माहीत असेल, आणि ते पुढची 25 वर्षं माझ्या हातून वाया गेलं तरी कोणाला फार दुःख होणार नसेल, तर कृपया पेपरमार्फत कळवा. फायनल काउंटडाउन सांगू नका, ते लावून बघितलं, त्यावर आई वरून काठी आपटते.

आपला,
एक स्पीकरवाला वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर